कागद ओढणारं माणूस

कामेनिक्की शेनोव
४ ऑक्टोबर १९८१

इर्मा,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. आमच्या घरात मरण्यासारखं माणूस आता एकच उरलंय आणि तेच तुला हे लिहितंय.

दोन वर्षांनी लिहितोय. मिलादाला पोचवून आलो त्यानंतर तुझं ते काळ्या काठाचं सांत्वनाचं कार्ड आलं होतं. मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, तेव्हा तो विषय तिथंच राहू दे. मेहुणीशी भांडायला तिकिटाचे पैसे कोण घालवतो?

काम असं आहे. माझ्या डाव्या हाताची करंगळी झोपली आहे. उन्हाळ्यापासून झोपली आहे, उठायचं नाव नाही. आणि शेजारच्या बोटाचं अर्धं. अर्धं म्हणजे वरचं-खालचं नव्हे गं, उभं अर्धं! लग्नाची अंगठी त्याच बोटात आहे. मधल्या बोटाच्या बाजूनं ती मला लागते, करंगळीच्या बाजूनं लागत नाही. एका बाजूनं मी अजून नवरा आहे, दुसऱ्या बाजूनं कुणीच नाही.

तू एकदा माझ्या खोलीत तासभर बसून काम बघितलं होतंस, आठवतं? काचेचा पेला दोन्ही हातांत धरायचा, फिरत्या तांब्याच्या चाकाला खालून टेकवायचा, कोपरं दोन चामडी उशांवर रोवायची आणि श्वास धरायचा. चाळीस वर्षं तेच करतोय. परवा पेला डाव्या हातातून इतकासा सरकला आणि हरणाला तिसरं शिंग फुटता फुटता राहिलं. शिकारीचा देखावा आहे, कारखान्याची मोठी ऑर्डर आहे, अजून मागचा एक पाय कोरायचा बाकी आहे. हात गेला तर माझ्याजवळ दुसरं काय आहे? काही नाही. सरळच सांगतो.

इथले डॉक्टर मानेचा फोटो काढतात आणि वय विचारतात. तू तीस वर्षं मेडिकल कॉलेजात बसून माणसाच्या नसा रंगवल्यास. तुला नाही विचारायचं तर कुणाला?

ओताकर

*

ब्रनो
११ ऑक्टोबर १९८१

ती. भाऊजींना नमस्कार,

तुमचं पत्र उभ्यानंच वाचलं, चहा निवून गेला. उन्हाळ्यापासून बोट झोपलंय आणि तुम्ही ऑक्टोबरात लिहिता! धन्य आहे तुमची.

आता ऐका. ते अर्धं बोट सांगितलंत ते फार बरं केलंत, त्यावरूनच मला पत्ता लागला. त्या बोटाची वाटणी झालेली असते. अर्धं एका नसेचं, अर्धं दुसरीचं. करंगळी आणि तिच्याकडचं अर्धं बोट ज्या नसेकडे आहे, तिला पुस्तकात अल्नर म्हणतात. नसा आम्ही पिवळ्या रंगवतो, धमन्या लाल, शिरा निळ्या. या एका बाईवर मी जितका पिवळा रंग संपवला तितका अख्ख्या ब्रनोत कुणी संपवला नसेल.

ती मानेतून निघते, काखेतून दंडाच्या आतल्या अंगानं खाली येते. तिथवर मांसात झाकलेली, सुरक्षित. कोपराशी आली की मात्र कुणास ठाऊक काय बुद्धी होते, एकदम मागच्या बाजूला जाते. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा आहे ना, त्याच्यामागं एक खाच आहे. उजव्या हाताच्या बोटानं चाचपा. हळू! दोरीसारखी सरकेल आणि करंगळीत झिणझिणी जाईल. तीच ती. वर फक्त कातडी, खाली हाड. तिथून पुढं पट्ट्यासारख्या एका पडद्याखालून वाकून जाते आणि हाताच्या पंज्यातल्या बारीक बारीक स्नायूंना कामाला लावते. तुमची सगळी नक्षी त्या बारीक स्नायूंच्या जिवावर आहे.

म्हणजे कुणीतरी तिला कोपराशी दाबतंय. आणि मला संशय उशांचा आहे. मिलादा दर वर्षी कापणी झाली की त्या उसवून ओटचा नवा कोंडा भरायची. आता कोण भरतं?

एक परीक्षा करा. मासिकाचा एक कागद घ्या. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यात तो धरा, अंगठा ताठ ठेवून. समोर एका माणसाला बसवा आणि त्याला कागद ओढायला सांगा. ओढताना अंगठ्याचं टोक वाकलं तर समजा की या नसेचे स्नायू थकलेत आणि दुसरीचे स्नायू उसने घेऊन हात लढतोय. पण माणूस पाहिजे हं. एकट्यानं करायची परीक्षा नव्हे ती.

तुमची इर्मा

*

कामेनिक्की शेनोव
२५ ऑक्टोबर १९८१

इर्मा,

केली परीक्षा. शेजारच्या हेयदुकला बोलावलं. आला बिचारा, पायातल्या सपातांसकट. त्याला म्हटलं, ओढ. तो म्हणाला, मासिक फुकट गेलं तर भरून कोण देणार? तसा तो पहिल्यापासून चिकट आहे. ओढला त्यानं. उजव्या हाताचा अंगठा ताठ राहिला. डाव्यानं मात्र वाकून असा काही मुजरा घातला की हेयदुक हसत सुटला. मग बियर झाली, थोडं बुद्धिबळ झालं. मी हरलो.

उशा कुणी भरत नाही. दोन वर्षांत दगड झाल्यात, खरं आहे तुझं. पण त्यांच्यात माझ्या कोपरांच्या मापाचे खळगे पडलेत आणि वरची शिवण मिलादाच्या हातची आहे. ती मी उसवणार नाही आणि दुसऱ्याला हात लावू देणार नाही. वाद घालू नकोस. कपाटात ठेवून दिल्या.

डॉक्टरला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग त्यानं तीन महिने काम बंद सांगितलं. म्हणाला, विश्रांती घ्या, नस आपोआप शांत होईल. कोपराला गूळ लावतोय असं वाटलं, आणि तेही नेमकं कोपरालाच! पण ऐकलं. यंत्रावर कापड टाकलं. कारखान्यानं सांगितलंय, फेब्रुवारीअखेर हात बरा झाला तर यंत्र तुमचंच, नाहीतर नव्या माणसाला द्यावं लागेल. नियमच आहे, त्यांचाही दोष नाही.

माझी काळजी करू नकोस. वेळ मजेत जातो. शुक्रवारी गुत्ता, मंगळवारी हेयदुक, मधल्या दिवशी कुणी ना कुणी डोकावतंच.

ओता

*

ब्रनो
८ नोव्हेंबर १९८१

ती. भाऊजींना नमस्कार,

वाचून जिवाला बरं वाटलं. मला वाटायचं तुम्ही एकटेच भिंतीकडे बघत बसत असाल. इथं तर तुमचा दरबार भरतोय! हेयदुकांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, मासिकाचे पैसे ब्रनोहून पाठवते.

नस दाबली गेली की लगेच मरत नाही, रुसते. दाब काढला की हळूहळू बोलू लागते. झोपताना कोपराभोवती टॉवेल गुंडाळा, म्हणजे ते वाकणार नाही. बाकी काही करू नका.

मी आता कॉलेजात जात नाही. जूनमध्ये निरोप दिला, फुलं दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. हल्ली चित्रांऐवजी फोटो लावतात. असो. मलाही इथं उसंत नसते, बायकांची भिशी, गाण्याची मंडळी, हे नि ते.

इर्मा

*

कामेनिक्की शेनोव
१० जानेवारी १९८२

इर्मा,

नोव्हेंबरनंतर तुझं काही आलं नाही. गाण्याची मंडळी जोरात असणार.

हात बिघडला आहे. सुधारायचं सोडून बिघडला. करंगळी आणि तिची शेजारीण आता आत वळून बसल्यात, सरळ करायला गेलो तर उजव्या हातानं ओढाव्या लागतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस गेलं, तिथं चक्क खड्डा पडलाय. सदऱ्याचं बटण लावायला मला परवा किती वेळ लागला ते सांगणार नाही.

मी काही चुकलो नाही गं. अडीच महिने चाकाला हात लावला नाही. उशांना तर शिवलोही नाही. टॉवेल गुंडाळून झोपतो, तू म्हणालीस तसं. डॉक्टर बुचकळ्यात पडलाय. आता हातात वीज सोडून तपासणार आणि मग कापणार म्हणतो. आगीतून फुफाट्यात.

ख्रिसमसला ताटं दोन मांडली. एक मांडलं तर विषम होतं आणि विषम ताटावर बसलेल्यातलं कुणी पुढच्या वर्षी नसतं म्हणतात. मिलादा हे फार पाळायची. बसणारा एकच असेल तर तो आकडा कसा सम करायचा, हे कुणी सांगितलेलं नाही. कार्प मासा विकत आणला नाही, अर्धा कोण देतो? बटाट्याची कोशिंबीर केली आणि ती तीन दिवस खाल्ली.

मला भीती वाटते इर्मा. हे दुसऱ्या कुणाला म्हणालो नाही.

ओता

*

ब्रनो
१५ जानेवारी १९८२

भाऊजी,

नमस्कार वगैरे राहू दे. तुमचं पत्र टेबलावर ठेवून मी माझं जुनं चित्र शेजारी मांडलं आणि कालचा अख्खा दिवस बघत बसले.

नस रुसत असेल, पण विनाकारण रुसत नाही. चाक बंद, उशा बंद आणि तरी ती मरत चालली आहे, याचा अर्थ कुणीतरी तिला रोज तासन् तास दाबतंय. कोपर वाकवलं की ती हाडाच्या वळणावर ताणली जाते आणि वरचा पडदा आवळतो. त्यात खालून काही टेकलं तर वरून चिमटा, खालून दगड. मग ती कुणाची का नस असेना, टिकणार नाही.

येत्या बुधवारी एक करा. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तुमचं डावं कोपर कुठं कुठं होतं ते लिहून काढा. तुम्ही काय केलंत, कोण भेटलं, बुद्धिबळात कोण जिंकलं, मला काही नको. फक्त कोपर. आणि भाऊजी, पाया पडते, खोटं लिहू नका. हाताचा प्रश्न आहे.

इर्मा

*

कामेनिक्की शेनोव
२१ जानेवारी १९८२

इर्मा,

घे तुझा बुधवार.

साडेसहाला उठलो. कोपर टॉवेलात. सातला चहा-पाव, कोपर टेबलाच्या खाली. आठला खिडकीत बसलो. आमची पुढची खिडकी, रस्त्यावरची. खुर्ची ओढून घेतली, डावं कोपर खिडकीच्या फळीवर, हनुवटी तळहातात. व्लास्ता, आमची टपालवाली, दहाच्या सुमाराला चर्चच्या कोपऱ्यावरून वळते. तिथून आमच्या दारापर्यंत तिला सात मिनिटं लागतात, बर्फ असेल तर अकरा. ती आली, हेयदुकच्या दारावरून गेली, माझ्या दारावरून गेली. थांबली नाही. तिनं मान वर करून नुसते हात पसरून दाखवले, काही नाही म्हणून. ती गेल्यावरही मी बसून राहिलो, कारण कधी कधी एखादं पत्र पिशवीच्या तळाशी राहतं आणि ती परत येते. एकदा आली होती, ऑक्टोबरात. ते तुझं पत्र होतं.

बाराला सूप गरम केलं. एकला शाळा सुटते, पुन्हा खिडकी. साडेतीनला कारखान्याची बस, माझ्याबरोबरची माणसं उतरतात, एखादा हात करतो. मग अंधार पडतो. दिवा न लावता बसलं की बाहेरचं दिसतं, म्हणून दिवा लावला नाही. सातपर्यंत कोपर तिथंच.

मोज तू. मी मोजलं, मला लाज वाटली.

फळीवर उशी घ्यायची, असं तू म्हणशील. इथं खिडकीत उशी घालून बसतात त्या म्हाताऱ्या बायका. सगळ्या गल्लीला दिसतं. पुरुषानं खिडकीत उशी टाकली म्हणजे त्याला उद्योग उरला नाही हे त्यानं पाटी लावून सांगितल्यासारखंच. मला ते सांगायचं नव्हतं. म्हणून नुसत्या लाकडाच्या कडेवर टेकत आलो.

आता सांगतोच आहे तर सगळं सांगतो. हेयदुक गेल्या मार्चमध्येच मुलीकडे राहायला गेला, प्लझेनला. घराला कुलूप आहे. कागद कुणी ओढला नाही. त्या दिवशी मी दोन-तीन नावं आठवून बघितली, पण जाऊन काय म्हणू? माझ्याकडे येऊन जरा कागद ओढता का? हसतील. मी कागदाचं एक टोक टेबलाच्या खणात अडकवलं, खण बंद केला, कुलूप लावलं आणि दुसरं टोक हातात धरून मागं सरकलो. अंगठा वाकला ते खरं आहे. हसलं कुणी नाही.

गुत्त्यातही जात नाही. एकट्यानं बियर पितो आणि मग लोक विचारतात, कसं चाललंय.

ओता

*

ब्रनो
२६ जानेवारी १९८२

प्रिय भाऊजी,

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही दोघं, एक काच कोरणारा आणि एक नसा काढणारी, चाकाला दोष देत बसलो, उशांना दोष देत बसलो. उशांनी सुरुवात केली हे खरं. पण माझ्या पत्रावरूनच तुमचं काम सुटलं आणि काम सोडून तुम्ही खिडकी धरलीत. आणि बसलात कशासाठी, तर माझ्या पत्रासाठी! ती मी लिहिलीच नव्हती. आठ नोव्हेंबरनंतर रोज म्हणायचे, उद्या लिहू.

तुमचा खण वाचून मी रडले. मग हसले. मग परत रडले.

तुम्ही खरं लिहिलंत, तर माझंही ऐका. ती कागदाची परीक्षा एकट्याला करता येते. तीच खरी पद्धत आहे. एकच कागद दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा आणि आपला आपणच ओढायचा. दुसरं माणूस लागत नाही. मी ते मुद्दाम लावलं, म्हणजे त्या निमित्तानं तरी तुम्ही कुणाचं दार वाजवाल. मोठी शहाणी मी! आणि गाण्याची मंडळी नाही. भिशीही नाही. भिंतीवर घड्याळ आहे, ते चालतं.

राहिलं आपलं जुनं. तुम्ही विषय झाकून ठेवलात, मी उघडते. मिलादानं छातीचा फोटो मला पाठवला होता. मी उजेडासमोर धरला आणि बघताक्षणी समजले, डॉक्टरांच्या आधी. ती विचारत राहिली, इर्मा कधी येते, इर्मा कधी येते. मी रंगाचं काम आहे म्हणून कळवलं. त्या सबंध उन्हाळ्यात एकही चित्र काढलं नव्हतं मी. तुम्ही मला माफ करू नये असंच ते आहे.

आता ऑपरेशनला नाही म्हणू नका. विजेच्या तपासणीनंतर ते नसेला त्या खाचेतून उचलून कोपराच्या पुढच्या बाजूला, मांसात नेऊन ठेवतात. मागचा दाब आणि ताण दोन्ही जातात. तारीख मिळाली की तारेनं कळवा. मी येते. शुद्धीवर याल तेव्हा समोरच्या खुर्चीत मी असेन.

तोवर खिडकीत उशी घाला. हसतात तर हसू देत.

इर्मा

*

कामेनिक्की शेनोव
२४ फेब्रुवारी १९८२

इर्मा,

अठरा तारखेला सकाळी ऑपरेशन झालं. तार तुला पोचली होती, कारण तुझी उलट तार आली, "येते" अशी. ती अजून माझ्या उशाशी आहे.

शुद्धीवर आलो तेव्हा खुर्ची होती. नर्सनं तिच्यावर टॉवेल ठेवला होता. मी तिला म्हटलं, टॉवेल उचला, माणूस यायचंय. तिनं उचलला. संध्याकाळी परत ठेवला.

डॉक्टर म्हणाला, नस पुढं आणून ठेवली आहे, आता ती स्वतःच खाली वाढत जाईल, दिवसाला एक मिलिमीटर. कोपरापासून करंगळीपर्यंत हिशेब कर. तो म्हणाला, पकड कदाचित येईल, बारीक काम येणार नाही, आशा धरू नका. एक तारखेला कारखान्याची माणसं यंत्र न्यायला येतील. हरीण तीन पायांवरच राहिलं.

गाडी चुकली असेल तर लिही. चुकली नसेल तर लिहू नकोस.

ओताकर

*

ब्रनो
३ मार्च १९८२

भाऊजी,

गाडी चुकली नाही.

तुम्ही लिहू नको म्हणालात, पण एवढं एकदा लिहिते. सतरा तारखेला मी स्टेशनवर होते, वेळेच्या आधी अर्धा तास. मांडीवर पिशवी, पिशवीत तुमच्या उशांसाठी ओटचा कोंडा. गाडी आली, लोक चढले. मी बाकावरून उठले नाही. गार्डनं विचारलं, आजीबाई, चढायचं ना? मी म्हटलं, नाही, मी कुणाला तरी घ्यायला आलेय.

तीस वर्षं मी मेलेल्यांचे हात बघून चित्रं काढली. ते हात कुणाचे होते मला ठाऊक नसायचं, आणि ते कधी मला काही मागत नसत. ओळखीच्या माणसाचा हात मला बघवत नाही. मिलादाच्या वेळीही तेच झालं. कागदावर मी वाघीण, प्रत्यक्षात पळपुटी. बाकी कारण नाही.

कोंडा पार्सलनं पाठवला आहे. त्याला तरी नाही म्हणू नका.

इर्मा

*

कामेनिक्की शेनोव
१४ नोव्हेंबर १९८२

इर्मा,

आठ महिने मी तुला लिहिलं नाही. राग होता. राग एकट्यानं सांभाळायचा म्हणजे फार काम असतं, दुसरं काही सुचत नाही. मार्चमधलं तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुलीत घालणार होतो. जुलैत परत वाचलं. "मी कुणाला तरी घ्यायला आलेय" इथं मला हसू फुटलं, आणि मग त्या बाकावर पिशवी घेऊन बसलेली तू दिसलीस. म्हटलं, ही तिकडे बाकावर, मी इकडे खिडकीत. दोघांची अक्कल सारखीच.

मग कपाट उघडलं. मिलादाची शिवण उसवली. दातांनी उसवली, कारण डाव्या हातात दोरा धरवत नव्हता. जुना कोंडा नुसती माती झाला होता. तुझा भरला. परत शिवलं ते मी, आणि ते बघून ती कपाळाला हात लावेल. उशा घेतल्या आणि सरळ खिडकीच्या फळीवर टाकल्या. यंत्र नाही, मग ठेवू कुठं? पहिल्या दिवशी समोरची म्हातारी आपल्या खिडकीतून ओरडली, "काय ओताकर, आमच्यात आलास का शेवटी?" मी म्हटलं, आलो. तिचं नाव आन्येझ्का. तीस वर्षं समोर राहते, मला माहीत नव्हतं. आता रोज सकाळी रस्त्याच्या या काठावरून त्या काठावर आमचं भांडण चालतं. पण ती गुडघ्यांनी आजारी आहे, जिना उतरत नाही आणि मला तिच्याकडे जायची भीड वाटते. दिवे लागले की दोघं खिडक्या लावतो आणि मग घर पुन्हा होतं तसं.

हाताचं सांगतो. बोटं थोडी उलगडली. करंगळी अजून बधिर आहे. अंगठी मात्र सप्टेंबरापासून पलीकडच्या बाजूनंही लागते, अगदी अंधुक, थंडी असली की जास्त. चाकाचं काम संपलं, ते मी मान्य केलं आहे. म्हणजे, केलेलं नाही, पण करतोय.

आणि परवा, शुक्रवारी, तुझं पत्र आलं. व्लास्ता वळली तेव्हाच मला दिसलं की तिच्या हातात काहीतरी आहे, तिनं ते डोक्यावर धरून नाचवलं. मी खाली दारात गेलो. लखोटा तिथंच फोडला, एकच पान. उभ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मग काय झालं कुणास ठाऊक, ते पान डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीच्या कडेत धरलं आणि तिच्यापुढं केलं.

"व्लास्ता, ओढ."

"काय?"

"हा कागद धर आणि ओढ. जोरात."

"अहो, डोकं फिरलं का तुमचं? आलेलं पत्र आहे, फाटेल ना!"

"फाटू दे. ओढ म्हणतो ना!"

तिला वाटलं म्हातारा गेला कामातून. पण बाई भली, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, खालची कड धरली आणि ओढली. आधी बिचकत. मी म्हटलं, जेवली नाहीस का? तेव्हा तिनं खरंच ओढलं. मी कागदाकडे बघत नव्हतो, अंगठ्याकडे बघत होतो. तो थरथरला. वाकला नाही, इर्मा. ताठ राहिला आणि कागद टर्रकन मधून फाटला.

आम्ही दोघं दारात उभे, अर्धं पत्र तिच्या हातात, अर्धं माझ्या. ती म्हणाली, "आता रडताय कशाला, मी सांगितलं होतं फाटेल म्हणून." मी तिला सूप प्यायला आत बोलावलं. ती आली. मिलादा गेल्यापासून त्या टेबलावर दुसरं माणूस बसलं नव्हतं. दहा मिनिटं बसली, मग तिला पुढची घरं होती.

वरचा अर्धा तुकडा या पाकिटात घातला आहे. कडेला माझ्या अंगठ्याचा डाग आहे, बघ, तुझ्या चित्रांत ठेव. खालचा अर्धा देणार नाही. त्यात तू बावीस डिसेंबरला दुपारच्या बसनं येतेस असं लिहिलं आहे, आणि तुझा शब्द कसा असतो ते मला माहीत आहे, म्हणून तो कागद माझ्याकडेच राहू दे.

अख्खा कार्प सांगून ठेवला आहे. ताटं दोनच मांडीन.

खिडकीतून बघणार नाही. बसस्टँडवर येईन. तिथं टेकायला काही नाही, उभ्यानंच वाट बघेन.

ओता